गरीब व होतकरू

शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीतल्या वर्गमित्राचा फोन आला तो नेमका मार्चअखेरीला. हिशेबाच्या कामातल्या माणसाला मार्चमध्ये फोन करू नये, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तो स्वतः सुताचा व्यापार करतो. "स्मरणिकेला मनोगत दे," म्हणाला, आणि मी हो म्हणायच्या आत, "दोन जाहिराती पण बघ की." मला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी याच गड्याबरोबर पावतीपुस्तक घेऊन मी इचलकरंजी पायी पालथी घातली होती. म्हणून हे मनोगत शिक्षकांबद्दल कमी आणि त्या पावतीपुस्तकाबद्दल जास्त होणार आहे. शिक्षकांबद्दल बाकीचे लिहितीलच. आमच्या बॅचमध्ये भाषणं करणारे पुष्कळ निघाले.

तेव्हा मी नववीत होतो. चित्रकलेच्या सरांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला एक पावतीपुस्तक दिलं आणि पेठा वाटून दिल्या. पूर्ण पान हजार, अर्धं पान सहाशे, पाव पान तीनशे, आणि नुसती शुभेच्छांची एक ओळ एक्कावन्न रुपये. त्याच्याही खाली कुणी काही दिलं तर घ्यायचं, शेवटच्या पानावर बारीक टायपात यादी येईल. सरांची ताकीद एकच होती : "बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही, आणि नाही म्हटलं तरी नमस्कार करून निघायचं. आज नाही म्हणणारा उद्या हाक मारतो." कार्बन उलटा घालून आम्ही पहिल्या चार पावत्या वाया घालवल्या, हे सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता कळू दे.

आपल्या गावात जाहिरात मागायला जायचं म्हणजे आधी घसा तयार ठेवावा लागे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावात हळू बोलून कुणाचं भागलेलं नाही. शेडच्या दारात उभं राहून ओरडायचं, "शाळेतनं आलोय!" आतून कुणीतरी हाताने खूण करी, मग साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, मधल्या बोळातून, अंगावर रुई घेत, दिवाणजींच्या टेबलापर्यंत जायचं. दिवाणजी चष्म्यावरून बघत. "मालक न्हाईत." मालक बहुतेक वेळा मागच्या खोलीत बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, उतरवून घेत असत, ते आम्हाला दिसतही असत. पण सरांची ताकीद. नमस्कार करून निघायचं.

आणि खरंच, दोन दिवसांनी त्यातले निम्मे हाक मारत.

सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या कारखान्याच्या, कोपऱ्यावर चहाची टपरी होती. तिथल्या मामांकडे आम्ही जाहिरात मागायला गेलोच नव्हतो, पाणी प्यायला थांबलो होतो. मामांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि गल्ल्यातून सुट्टे मोजायला लागले. रुपया, दोन रुपये, आठ आण्यांची नाणीसुद्धा. एक्कावन्न भरायला बराच वेळ लागला. मधे दोन गिऱ्हाइकांना कटिंग देऊन झाले. मी विचारलं, "मामा, नाव काय घालू? टपरीचं नाव?" ते म्हणाले, "टपरीला कुठलं नाव आलंय. घाल काहीतरी." मी सरांना विचारून 'एक हितचिंतक' घातलं. ते काही आमचं एकट्याचं डोकं नव्हतं. सगळी पुस्तकं जमा झाली तेव्हा 'एक हितचिंतक' अकरा ठिकाणी निघाला. सर म्हणाले, "गावातली सगळ्यात मोठी फर्म हीच दिसते."

ही फर्म शाळेला काय काय पुरवत होती, याची नोंद कुठेच नाही. दर्शनी जिन्याजवळच्या संगमरवरी फलकावर खोल्या बांधून देणाऱ्यांची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण आपली शाळा अनुदानित. पगार सरकार देणार, आणि बाकीच्या खर्चाचं म्हणाल तर वेतनेतर अनुदानात काय भागतं ते मुख्याध्यापकांना विचारा. खडूपासून मांडवापर्यंतचं बाकीचं सगळं गावाच्या अंगावर. मांडववाला स्नेहसंमेलनाला मांडव घालायचा तो मजुरांच्या चहापाण्यावर. बेकरीवाले काका खो-खोच्या पोरांना संध्याकाळी आदल्या दिवशीचे बटर द्यायचे. ते इतके कडक असत की आमचा कप्तान म्हणे, खुंटाला आपटून मऊ करून खा.

रंगमंचाचा पडदा आठवतो का कुणाला? मरून रंगाचा, आणि मधोमध एक रंग सोडून दुसरा लागलेला? त्याची गोष्ट अशी. एका खर्चीवाल्याकडे, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणाऱ्याकडे, डागी माल पडून होता. बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, तार सुटून कापडात आडवी रेघ पडली की व्यापारी तो तागा घेत नाही, वर मजुरीतून कापून घेतो. त्या माणसाने नुकसान सोसून उरलेले ते तागे शाळेला दिले. प्रोसेसवाल्यांनी रंगवून दिले, पण फुकटचं काम दोन घाण्यांत मधे वेळ मिळेल तसं केलेलं, त्यामुळे अर्धा पडदा मरून आणि अर्धा कलेजीच्या रंगाचा निघाला. गल्लीतल्या शिंपीणकाकूंनी शिवताना दोन्हीची सरमिसळ केली असती तर पट्टे तरी दिसले असते. त्यांनी डावा एक, उजवा एक असा शिवला. आमच्या नाटकात राजा नेहमी कलेजी बाजूने यायचा.

आणि जॉबर. साचा बिघडला की जो पाना घेऊन येतो, तो. आमच्या विज्ञान प्रदर्शनाला हा माणूस पंधरा दिवस येत होता, बारा तासांची रात्रपाळी करून, सकाळी आठला, डोळे लाल. त्याचं शिक्षण चौथी. आम्हाला चालता छोटा माग करायचा होता. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मोडका धोटा, सायकलचे आरे, शिलाई मशीनचं चाक, एवढं साहित्य. विज्ञानाच्या बाईंनी आकृती काढून दिली होती, ती त्याने बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "बाई, हे बरोबर हाय, पण हे चालणार न्हाई." बाई हसल्या आणि बाजूला झाल्या. पुढचं सगळं त्याने शिकवलं. धोट्याला धक्का देणारा दांडा कुठे बसवायचा, तो अर्धा बोट इकडे-तिकडे झाला तर धोटा उडून कुणाचा तरी डोळा कसा फोडतो. त्याच्या स्वतःच्या भुवईवर व्रण होता. तो दाखवून त्याने आम्हाला वेग आणि दिशा शिकवली. आमच्या मागाने प्रदर्शनात हातरुमालाएवढं कापड विणलं. बक्षीस मिळालं नाही. तिसऱ्या नंबरला ज्वालामुखी आला होता, खायच्या सोड्याचा. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दहावीच्या अभ्यासिकेचं एक सांगतो. आमच्यापैकी निम्म्यांच्या घरात किंवा घराला लागून साचे. आवाजात झोप लागते, अभ्यास होत नाही. लाइट गेली की साचे थांबत, एकदम शांत होई, पण मग दिवाही नसे. म्हणून शाळेने रात्री दोन वर्ग उघडे ठेवले. बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा तिथे पेपर वाचत बसत. शिकवत नसत, फक्त बसत. आणि भिंतीपलीकडच्या सायझिंगवाल्यांनी आपल्या जनरेटरची एक वायर भिंतीवरून शाळेत सोडली. कागदावर काही नाही, परवानगीही कुणी घेतली नसावी. लाइट गेली की पलीकडे जनरेटर धडधडायचा आणि आमच्या दोन ट्यूब लागायच्या. माझं भूमितीचं पेपरातलं यश त्या वायरीचं आहे.

आता एक अवघड गोष्ट. रौप्यमहोत्सवाच्या वर्षी बाहेरच्या एका संस्थेने वह्या दिल्या. वह्या चांगल्या होत्या, दोनशे पानी. पण त्या स्टेजवर द्यायच्या, पाहुण्यांच्या हस्ते, फोटोसह, असं त्यांचं म्हणणं. पंधरा मुलांची यादी झाली, त्यात मी. पुकारा झाला, "आता गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना वह्यावाटप." मी वर गेलो. फोटोग्राफरने पाहुण्यांना आणि मला वह्यांचा गठ्ठा दोन्ही बाजूंनी धरायला लावलं आणि फ्लॅश उडाला नाही म्हणून पुन्हा धरायला लावलं. पुढच्या आठवड्यात स्थानिक पेपरात फोटो आला. वर्गात दोन दिवस एकच चर्चा : यातला गरीब कोण आणि होतकरू कोण? मीही हसलो. त्या वह्यांना मी खाकी कव्हर घातलं, वरचं संस्थेचं नाव दिसू नये म्हणून, आणि कव्हर फाटलं की लगेच दुसरं घातलं.

मुख्याध्यापकांना हे कळलं असावं. ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेले. भाऊराव आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट सर वर्षातून एकदा तरी सांगत. त्या वर्षी सांगताना त्यांनी शेवटी एक वाक्य जास्त घातलं : "आणि त्या पोरांना रांगेत उभं करून कुणी फोटो काढला नव्हता." पुढच्या जूनपासून वह्या कुणीही देवोत, त्या अख्ख्या वर्गाला मिळत, बाकावर, पाठ सुरू व्हायच्या आधी. ज्यांना परवडतं त्यांनी ऑफिसात पैसे भरायचे. कोण भरतो, कोण नाही, ते फक्त कारकुनाला माहीत. एक-दोन देणगीदार यामुळे गेले म्हणतात. गेले असतील.

पावतीपुस्तकावर परत येतो. आमच्या वाट्याच्या पेठेत वडील ज्या शेडमध्ये साचे चालवत ती शेड होती. मी टाळत होतो. मित्राने ओढून नेलं. मालक दारातच भेटले. "कुणाचा रं तू?" मी आत बोट केलं. वडील चार साचे सांभाळत पाठमोरे उभे होते, आवाजात त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मालकांनी पाव पान घेतलं, दिवाणजींनी पैसे मोजले, मी पावती फाडली. निघताना वडिलांनी पाहिलं. एक साचा थांबवला. त्या काळी मजुरी मीटरवर, बावन्न पिकांच्या, म्हणजे बाण्याच्या बावन्न धाग्यांच्या, दराने. साचा थांबला की पैसे थांबले. रुई झाडत जवळ आले, पुस्तक पाहिलं, खिशातून एकवीस रुपये काढले आणि माझ्या कानाशी ओरडले, "पावती फाड."

मी म्हटलं, "अण्णा, राहू दे. मी घरी..."

"पावती फाड की. पूर्ण नाव लिही."

मी लिहिलं. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली आणि साचा चालू केला. पेपरातला तो फोटो त्यांनी पाहिला होता की नाही, मी कधी विचारलं नाही. पावती मात्र घरच्या पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर होती. ते गेल्यावर मला सापडली. स्मरणिकाही होती. शेवटच्या पानावर, एकवीस रुपयांच्या रांगेत, त्यांच्या नावातला रफार गायब होता. त्यांनी तो निळ्या पेनाने स्वतः दिला होता. ती यादी छापखान्यासाठी मीच उतरवून काढली होती, रात्री उशिरा, घाईत.

आता मी कंपन्यांचे हिशेब बघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामाजिक कामासाठी नफ्याचे दोन टक्के काढून ठेवायला लावले. वर्षाला पाच कोटी नफा असला की लागू. तीन वर्षांच्या सरासरीवर दोन टक्के, अहवाल, फोटो, सगळं रीतसर. वाईट काही नाही त्यात. आपल्या शाळेतले डिजिटल फळे अशाच पैशांतून आले आहेत, फक्त देणाऱ्याचं नाव फळ्याच्या चौकटीवर एवढं मोठं आहे की मागच्या बाकावरून आधी तेच वाचता येतं. आठ साच्यांच्या खर्चीवाल्याला असला कायदा कधी लागू नव्हता. आता तर ते साचेच भंगारात गेलेत, त्या शेडमध्ये हवेच्या झोतावर चालणारे एअरजेट माग आलेत किंवा गाळे निघालेत. सायझिंगची भिंत पडली. टपरी आहे, मामांचा नातू चालवतो. त्याच्याकडे क्यूआर कोड आहे आणि टपरीला नावही.

तर जाहिराती. एक या नातवाची मिळवली, पाव पान, फोनवरूनच, दोन मिनिटांत. दुसरी माझी, अर्धं पान. वर्गमित्राने विचारलं, मजकूर काय? फर्मचं नाव, फोन नंबर, शुभेच्छा? मी वडिलांचं पूर्ण नाव लिहून पाठवलं, बाकी काही नको म्हटलं. आणि छापायच्या आधी प्रूफ मला दाखवा. रफार मी स्वतः बघणार आहे.