गाणं मधेच का तोडतात?

मैफलींवरच्या फिल्म्समध्ये गाणं तोडून मधे लोकांचं बोलणं का घालतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा वाद मी सोडूनच दिला होता. ‘गाणं रंगात आलेलं असतं आणि मधेच न्हाव्याच्या दुकानातली माणसं बोलायला लागतात. असल्या फिल्म्स कशाला दाखवता? आपला काय संबंध?’ आमच्या फिल्म मंडळात दर वेळी हेच.

‘वॉटस्टॅक्स’ ही फिल्मच घ्या; त्याच नावाच्या मैफलीवरची, पण नुसती मैफल नाहीच. २० ऑगस्ट १९७२, लॉस एंजेलिसचं कोलिझियम, तिकीट एक डॉलर, लाखावर माणसं. त्याआधी सात वर्षांपूर्वी तिथली कृष्णवर्णीयांची वॉट्स वस्ती दंगलीत पेटली होती, ३४ जीव गेले होते. त्या लोकांचं बोलणं वगळून नुसती गाणी ऐकायची?

आम्ही ती लावली तेव्हाचं सांगते. गायिका किम वेस्टन अमेरिकेचं राष्ट्रगीत गाते आणि कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो. बहुतेक जण बसलेलेच. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. ज्यांच्या शेजारी बसून मी सिनेमा बघायला शिकले, ते काका उठले. ‘राष्ट्रगीताला न उठणाऱ्यांचं गाणं मला ऐकायचं नाही. दिवे लावा!’ मी म्हटलं, ‘काका, थोडं थांबा.’ नाही थांबले. पुढे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते जेसी जॅक्सन सगळ्यांकडून ‘मी कुणीतरी आहे’ वदवून घेतात. मग तीच किम वेस्टन ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ सुरू करते, कृष्णवर्णीयांचं स्वतःचं राष्ट्रगीत, आणि बसलेली माणसं उठतात, मुठी वर करून. काकांनी ते पाहिलंच नाही. मंडळातही पुन्हा आले नाहीत. मला अजून लागतं ते.

आणि संबंध? त्या मैफलीच्या पाचच दिवस आधी ‘साधना’ साप्ताहिकात दलित पँथरच्या राजा ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला होता, आणि तिरंग्याच्या मानावरून इथे रान पेटलं होतं. आपल्या पोरांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, तेही मीच सांगायचं का?

तरी खरं सांगते, गाणं तोडलं की मलाही टोचतं. ‘समर ऑफ सोल’ या तसल्याच दुसऱ्या फिल्ममध्ये, १९६९च्या न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या मैफलीत, गायिका महालिया जॅक्सन आणि मेव्हिस स्टेपल्स एकत्र गातात तेव्हा मला मधे एक शब्द नको असतो. पूर्वी मी ठासून म्हणायचे, आधी सूर, बाकी नंतर. माझ्यातली ती जुनी मी अजून गप्प बसलेली नाही. पण त्याच फिल्ममध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या दिवशी मैफलीला आलेले लोक म्हणतात, तो पैसा इथल्या गरिबांवर खर्च करायला हवा होता. हे कापून गाणं अखंड ठेवायचं? मला नाही जमणार. आणि तुटलेलं गाणंही अजून सोसत नाही.