पालथा घातलेला फोन

फोन वाजला, नंबर अनोळखी होता आणि हाताने तो पालथा घातला. मनात विचार यायच्या आधीच हात पुढे गेला. गोष्ट एवढीशीच, पण संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाही.

कर्ज आहे हे तर माहीतच आहे. मग भीती नक्की कशाची? वसुलीवाल्याची म्हणावं, तर तो दोन मिनिटं बोलतो आणि ठेवतो. भीती आकड्याची आहे. प्रत्येक कर्ज वेगवेगळं ठाऊक आहे, सगळं मिळून किती ते ठाऊक नाही. आणि जी बेरीज केलेलीच नाही ती रात्री तीनला वाटेल तेवढी फुगते.

म्हणून कागद घेतला, आडवा धरून. रकाने असे: कोणाचे, आजची बाकी, व्याजदर, हप्ता, हप्त्याची तारीख, किती हप्ते थकले, तारण काय, जामीनदार कोण. आठवणीतून एकही आकडा भरायचा नाही, गडबड तिथेच होते. आठवणीतला आकडा बरे दिवस होते तेव्हाचा असतो. त्यात दंड नसतो, उशिराचा आकार नसतो. ताजं स्टेटमेंट समोर ठेवायचं आणि त्याची तारीखही लिहायची. हातउसने हमखास सुटतात, कारण त्यांचा कागद नसतो आणि ती माणसं फोन करून मागत नाहीत. त्या दोन ओळी लिहायला फार वेळ लागला. असो.

व्याजदराचा रकाना सगळ्यात फसवा. 'फ्लॅट 12 टक्के' ऐकायला सौम्य वाटतं. पण मुद्दल फिटत आलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागत राहतं. 3 वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जावर तोच दर घटत्या बाकीच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावायच्या, हिशेबाने 21 टक्क्यांच्या आसपास जातो. सगळे दर घटत्या बाकीवर आणल्याशिवाय कुठलं कर्ज महाग हे कळत नाही.

मग क्रेडिट कार्ड. महिना 3 टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर. समजा बाकी 1,00,000 आहे, नवी खरेदी बंद आहे आणि दर महिन्याला फक्त किमान रक्कम, म्हणजे बाकीच्या 5 टक्के, भरली जाते. व्याज धरून पहिला भरणा 5,150 चा, त्यातले 3,000 व्याजात गेले. वर्षभरात साधारण 55,000 भरून होतात आणि बाकी उतरते जेमतेम 23,000 ने. अर्धी व्हायला 32 महिने लागतात. हे तीनदा मोजून पाहिलं, तेच येतं.

थोडा वेळ नुसती बसून राहिले. दर महिन्याला वेळेवर भरून हेच वाट्याला यायचं होतं का? बाकीच्यांचं सगळं कसं सुरळीत चालतं? मलाच का हे?

मग तेच गणित उलटं केलं. बाकी उतरते तशी किमान रक्कमही उतरते आणि आपणही कमी भरत जातो, गोम तिथे आहे. तोच पहिल्या महिन्याचा 5,150 चा आकडा धरून ठेवला आणि बाकी कितीही उतरो, तेवढेच भरत राहिलं, तर 30 महिन्यांत सगळं फिटतं. पैसे कुठून आकाशातून पडायला नकोत. आकडा खाली येऊ द्यायचा नाही, इतकंच. हे पाहून छातीवरचं काहीतरी हललं खरं.

क्रमही ठरवला. छप्पर, वीज, किराणा, औषधं आधी. जो जास्त ओरडतो त्याला आधी देण्याची सवय घातक आहे. ओरडणारा बहुतेक विनातारणवाला असतो आणि घर तारण असलेला शांतपणे नोटीस पाठवतो. त्यामुळे दुसरा नंबर तारणाच्या आणि जामीनदार असलेल्या कर्जांचा. बाकीच्यांना किमान रक्कम आणि उरेल ते सगळं सर्वांत महाग दरावर. सर्वांत लहान कर्ज आधी मिटवलं तर मनाला उभारी येते, व्याज मात्र थोडं जास्त जातं. ज्याला उभारीची गरज आहे त्याने तसं करावं, त्यात काही चूक नाही. जुना हप्ता भरायला नवं कर्ज काढायचं नाही. सगळी कर्जं एकात घ्यायची असतील तर दर खरोखर कमी हवा आणि मुदत उगाच लांबलेली नको. रिकामं झालेलं कार्ड त्याच दिवशी बंद करायचं, नाहीतर ते पुन्हा भरतं.

आता राहिले फोन. हप्ता चुकायच्या आधी आपणच केलेला फोन आणि चुकल्यावर आलेला फोन यांत फार अंतर आहे. तीन वाक्यं लिहून ठेवली आहेत: काय अडचण आहे, किती आणि कोणत्या तारखेला देता येईल, काय हवंय. हप्ता लहान करून मुदत वाढवून मिळते का, ते विचारायचं. काही महिने हप्ता न भरण्याची सवलत देऊ केली तर त्या काळात व्याज चढतं का, हेही. बहुतेकदा चढतं. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ टिपायची आणि ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवायचं. दबावाखाली मोठा आकडा कबूल करून तो मोडण्यापेक्षा लहान आकडा पाळलेला बरा. तडजोडीची, म्हणजे बाकीपेक्षा कमी घेऊन कर्ज मिटवायची, रक्कम सांगितली तर आधी लेखी पत्र, मग पैसे, तेही खात्यात, कोणाच्या हातात नाही. आणि पतनोंदीत, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमध्ये, ते कर्ज 'फिटलं' नाही, 'तडजोडीने मिटवलं' असं राहतं, हे माहीत असूनच सही करायची.

बेरीज झाली आहे. कागदाच्या तळाशी, दोन रेघांच्या मध्ये. मोठी आहे, पण तीन वाजताच्या आकड्यापेक्षा लहान निघाली.

पुन्हा नजर त्या शेवटच्या रकान्याकडेच जाते. जामीनदार. तिथे एकच नाव आहे, माझ्याच अक्षरात. त्या कर्जाचे दोन हप्ते थकलेत आणि तिसरा चुकला की त्याच्याही दारात नोटीस जाईल. त्याला हे वसुलीवाल्याकडून कळता कामा नये. कंपन्यांचे फोन उद्या दहानंतर. त्याला मात्र आत्ताच, जेवणाआधी.