जिन्याखालची बुलेट

नागपुरात जुनी मोटारसायकल विकायला निघते, तेव्हा तिच्याआधी बहुतेक घर निघालेलं असतं. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर इथला एखादा जुना बंगला बिल्डरकडे जातो. खोल्या, अंगण, विहीर सगळ्याचा हिशेब करारात होतो, जिन्याखालच्या गाडीचा होत नाही. नव्या फ्लॅटबरोबर पार्किंग एकच मिळतं आणि तिथे कार उभी राहते. मग मुलगा पुण्याहून चार दिवसांची सुटी काढून येतो, ताडपत्री ओढतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि खाली लिहितो, 'बाबांची गाडी. सिंगल ओनर. ऑल ओरिजिनल. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.'

मी तरीही फोन करतो. जुन्या गाड्या पाहायला जाणं हा माझा छंद आहे. घेणं हा वेगळा छंद, त्याला वेगळा पगार लागतो.

पाहायला शिकलं की बरंच दिसतं. नागपूरची हवा पावसाळा सोडला तर कोरडी, त्यामुळे पत्रा टिकतो आणि रबर मरतं. मुंबईच्या गाडीचं मडगार्ड आतून गंजलेलं निघेल, आपल्याकडच्या गाडीचं मडगार्ड ठणठणीत आणि हँडलची ग्रिप मात्र बोटाला चुरा लावते. नवतपा, म्हणजे मे अखेरचं नऊ दिवसांचं कडक ऊन, सोसून सोसून सीटचं रेक्झिन तडकलेलं असतं. ते तसंच असेल तर मला गाडीवर विश्वास बसतो. सीट कोरी, टाकी चकचकीत, चाकाच्या तारांना ताजा क्रोम, असं असलं की मी आधी टाकीवरच्या सोनेरी रेघा पाहतो. बुलेटच्या टाकीवरच्या या रेघा मद्रासच्या कारखान्यात ब्रशनं, हातानं ओढलेल्या असत. रेघ कुठे किंचित जाड, कुठे किंचित बारीक हवीच. अगदी एकसारखी असेल तर ते स्टिकर आहे, आणि मग 'ऑल ओरिजिनल'मधलं अजून काय काय स्टिकर आहे ते शोधायचं. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची. छाप उमटतो. आकडे एका ओळीत नसले, मागे ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असल्या, तर चहा पिऊन निघावं.

धरमपेठेतल्या एका घरी अशीच एक जुनी कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट पाहिली. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्याला. मुलगा आयटीतला, अंगानं भक्कम. बॅटरी नवी टाकून आणलेली. त्यानं धडाधड किका मारल्या. एकदा किकनं उलटा फटका दिला तेव्हा पाय धरून बाजूला बसला. मेकॅनिकला फोन लावावा म्हणत होता, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची आई म्हणाली, "अरे, काटा मधात येऊ दे ना आधी! काय तोडून राहिला तिले?"

काटा म्हणजे हेडलाइटच्या टोपीवरच्या, करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरचा. चावी लावून किक हळूहळू दाबायची. काटा खाली पडलेला असतो तो एका जागी मधोमध येतो, म्हणजे ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, पिस्टन जवळजवळ वर आला. मग क्लचच्या खालची छोटी डिकॉम्प्रेसरची लिव्हर ओढायची, कोंडलेली हवा सुटते, किक जराशी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायची, आणि मग एकच पूर्ण किक, अंगाच्या वजनानं. काकूंनी गाडी आयुष्यात कधी चालवली नव्हती. पण रोज सकाळी साडेनऊला हे सगळं त्यांच्या खिडकीखाली होत आलं होतं, त्यामुळे कुठला आवाज कशानंतर यायला हवा हे त्यांना पाठ. मुलानं त्यांच्या सांगण्यावरून केलं. गाडी पहिल्या किकला चालू झाली. काकू म्हणाल्या, "चोक बंद कर आता, धूर घरात येतो," आणि पोळ्या लाटायला लागल्या.

किमतीचं गणित मात्र सरळ नाही. राजदूत १७५ सगळ्यात दणकट गाडी, पण चांगल्या स्थितीतली मिळणं कठीण, कारण ती दूधवाल्यांनी वापरून संपवली. दोन्ही बाजूंना कॅन लटकवून ती खेड्यातून शहरात आली आणि तशीच भंगारात गेली. म्हैसूरच्या जावा आणि पुढच्या येझदीचे शौकीन वेगळेच. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर आणि एकच दांडी किकचीही, गिअरचीही. ही दांडी गिअरवरून किकवर फिरवता आली नाही, तर विकणारा तुम्हाला पुढचं काही दाखवत नाही. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी यामाहाच्या आरएक्स १०० चंही उत्पादन थांबलं. आज नीट ठेवलेल्या आरएक्सला कोऱ्या गाडीपेक्षा जास्त पैसे मागतात आणि देणारे देतात. देणारा साधारण पन्नाशीचा असतो. कॉलेजात असताना ती गाडी त्याच्याकडे नव्हती, दुसऱ्या कोणाकडे होती.

सगळ्यात गंमत राजदूत ३५० ची. १९८३ साली यामाहाच्या आरडीवरून एस्कॉर्ट्‌सनं काढलेली ही दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. 'हाय टॉर्क'वाली साडेतीस हॉर्सपॉवरची. पेट्रोल पिते म्हणून तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आता त्याच गाडीसाठी लाखांत बोली लागते, आणि घेणारा पेट्रोलबद्दल चकार शब्द काढत नाही.

यातल्या बहुतेक गाड्यांना विकणारा 'व्हिंटेज' म्हणतो. कायद्याला ते मान्य नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं, म्हणजे आमच्याच खासदारांच्या खात्यानं, नियम काढला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राहिलेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं. अशी गाडी रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. हिशेब केला तर १९८५ ची पहिलीवहिली आरएक्स १०० व्हिंटेज होणार २०३५ साली. तोवर ती नुसती जुनी. मला विचाराल तर नुसती जुनी बरी, निदान भाजी आणायला तरी जाता येतं. वर्धा रोडवरच्या फार्महाउसात काचेमागे उभ्या केलेल्या गाड्यांबद्दल मला प्रेम वाटत नाही. त्यांच्या टायरखाली लाकडी ठोकळे असतात आणि टाकीत पेट्रोल नसतं.

धरमपेठेतल्या त्या बुलेटला कामठीचा एक तरुण गिऱ्हाईक मिळाला होता. भावही ठरला. अडलं कागदावर. आरसी बाबांच्या नावावर, बाबा नाहीत, पासिंगही केव्हाच संपलेलं. आधी ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर करायची, मग २९ आणि ३० भरून विकायची. वारस तिघं. काकूंनी सही केली, मुलानं केली. नाशिकच्या मुलीनं फोनवर विचारलं, "दादा, तू मला न विचारता फोटो टाकलेच कसे?" शाळेत ती टाकीवर बसून जायची म्हणे. पैसे नको होते तिला, गाडीही नको होती. सही मात्र करेना.

घर पाडायची तारीख जवळ आली तेव्हा गाडी सदरमधल्या एका मेकॅनिकच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, तात्पुरती. तिथे अशा तात्पुरत्या गाड्या आधीच एका ओळीत लावलेल्या आहेत, कोणाचा भाऊ अमेरिकेत, कोणाची आई हो म्हणत नाही. मी मेकॅनिकला विचारलं की यातली एखादी विकली का जात नाही? तो कार्बोरेटरमध्ये फुंकर मारत म्हणाला, "विकते कोन भाऊ? महिन्याचं भाडं टायमावर देऊन राहिले सारे."