बिलुम, तिसरा महिना: अंबाडीचा वाख आणि केवड्याची पट्टी

बिलुम म्हणजे पापुआ न्यू गिनीमधील हाताने विणलेली पिशवी. ती विणायला शिकताना पहिल्या दोन महिन्यांत बाजारातील सुती दोऱ्याने केलेले दोन्ही नमुने मी उसवून टाकले. पापुआ न्यू गिनीमध्येही आता लोकर आणि नायलॉन सर्रास वापरतात, तेव्हा हा माझा हट्टच म्हणावा लागेल. परंतु दोरी स्वतः वळल्याशिवाय बिलुम समजत नाही, अशी माझी खात्री झाली होती. तिकडे ‘तुलिप’ नावाच्या झाडाच्या सालीचा धागा पूर्वापार वापरतात. मी अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, घेतले. दोन बारीक पदर ओल्या हाताने मांडीवरून पुढे लोटले की दोहोंना वेगवेगळा पीळ बसतो आणि हात मागे घेताना तेच पदर एकमेकांवर वळून दुपदरी दोरी होते. माझ्या दोरीत जागोजागी गाठी झाल्या आणि मांडी सोलवटली ती वेगळीच. शेजारच्या आजींनी मात्र पहिल्याच बैठकीत हातभर दोरी एकसारखी वळून दिली, कारण त्यांचा जन्म वाती वळण्यात गेला आहे.

विणकामात शिंक्यासारख्या गाठी नसतात. धागा वरच्या फाशातून इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे फिरवून प्रत्येक वेळी संपूर्ण ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे तो हातभरापेक्षा लांब ठेवून चालत नाही. संपत आला की टोकाचा पीळ उलगडून त्यात नवा वाख मिसळायचा आणि पुन्हा वळायचे. फासे सारख्या मापाचे यावेत म्हणून तेथे केतकीवर्गीय झाडाच्या पानाची पट्टी धरतात. आपला केवडा त्याच कुळातला असल्याने कडेचे आणि मधल्या शिरेवरचे काटे काढून मी त्याचे वाळलेले पान वापरले, आणि आतापर्यंतची सर्वांत सरळ ओळ मला त्याच पट्टीवर साधली. सुईसाठी वटवाघळाच्या हाडाऐवजी तेथेही आता छत्रीची काडी घेतात. मीही तीच घासून घेतली.

हे सारे ज्यांच्यामुळे सुरू झाले त्या पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथील फ्लॉरेन्स जौकाए कामेल यांनी खांद्या-डोक्यावर वाहायच्या पिशवीची ही वीण पोशाखात आणली आणि त्या ‘बिलुम मेरी’, म्हणजे बिलुमवाली बाई, या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेसाठी त्यांच्या देशाच्या चमूचे पोशाखही त्यांनी घडवले. रेखाटन त्यांचे असले, तरी वीण परिसरातील अनेक बायकांच्या हातची असते. त्या पोशाखांची छायाचित्रे पाहताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. आजींची दोरी माझ्या दोरीला जोडली तेव्हा आले. सोळा ओळींच्या तुकड्यात नवव्या ओळीपासून पीळ घट्ट झाला आहे, फासे किंचित लहान पडले आहेत, आणि तो बदल बोटांनाही जाणवतो. तो तुकडा मी उसवणार नाही. पुढील महिन्यात वळण्याचे काम आजींकडे आणि विणण्याचे माझ्याकडे, असे ठरले आहे. रंगाचे मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही.