ईयोबाची सही

रविवार, रात्र

बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक, म्हणजे संपत्ती, मुलं, आरोग्य सगळं गमावलेल्या एका नीतिमान माणसाची गोष्ट, वाचताना बरेच जण पहिल्या दोन अध्यायांवरून थेट शेवटच्या, ४२ व्या अध्यायावर उडी मारतात. 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' हे अंत्यविधीला म्हटलं जाणारं वाक्य पहिल्या अध्यायातलं. पण तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि ३१ व्यापर्यंत काही केल्या गप्प बसत नाही. सोशिक ईयोब गद्यात आहे, भांडणारा काव्यात. भांडणारा गाळला की पुस्तकच उरत नाही.

देवाशी चाललेलं हे भांडण कोर्टातलं आहे. 'रीव' म्हणजे खटला, 'मिश्पात' म्हणजे न्यायनिवाडा, हे हिब्रू शब्द पुन्हा पुन्हा येतात. ९:३३ मध्ये (अध्याय ९, वचन ३३) ईयोब देव आणि आपण, अशा दोघांवर हात ठेवील असा मध्यस्थ शोधतो. तसा कोणी नाही, कारण ज्याच्यावर फिर्याद, निवाडाही त्याच्याच हातात. मग ३१ व्या अध्यायात तो स्वतःवरचे आरोप स्वतःच मांडतो आणि शपथेवर नाकारतो: दासदासींचा हक्क डावलला असेल, अनाथाला न देता एकट्याने घास खाल्ला असेल, मोल न देता शेताचं पीक खाल्लं असेल, तर गव्हाच्या जागी काटे उगवोत. आणि ३१:३५ ला म्हणतो, ही माझी सही, सर्वसमर्थाने उत्तर द्यावं. 'सही'साठीचा शब्द आहे 'ताव', हिब्रू वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. जुन्या लिपीत ते फुलीसारखं काढत. राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या माणसाने देवाविरुद्धच्या अर्जाखाली मारलेली ती फुली! या ओळीशी मला दर वेळी थांबावं लागतं.

१३:१५ चं भाषांतर जपून वाचावं. 'तो मला मारील', यापुढे 'लो' येतो. तो आलेफ या हिब्रू अक्षराने लिहिला तर 'नाही', वाव या अक्षराने लिहिला तर 'त्याची', उच्चार एकच. मूळ लिखाणात आलेफ आहे, म्हणजे 'मला आशा नाही'. समासातली वाचनाची सूचना वाव सांगते, म्हणून 'तरी मी त्याची आशा धरीन'. भक्तिपर वाचनात दुसराच अर्थ रुळला. भोवतीचं बोलणं पाहता मला पहिला खरा वाटतो.

सांत्वनाला आलेल्या तीन मित्रांनी एकच गोष्ट नीट केली: सात दिवस सात रात्री न बोलता जवळ बसले. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. 'तुझा आरंभ अल्प असला तरी शेवट मोठा होईल' (८:७) हे वचन सुटं काढून आशीर्वाद म्हणून दिलं जातं. ते त्या मित्रांपैकी बिल्ददचं आहे, आणि तीनच ओळी आधी तो मुलं गमावलेल्या बापाला सुचवतो की ती आपल्या पापामुळे गेली. दुःखी घरात हे वचन नेऊ नये. ४२:७ मध्ये देवच दुसऱ्या मित्राला, अलीफजला, सुनावतो की माझ्याविषयी योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नाही. तिघांना सात बैल आणि सात मेंढे अर्पण करावे लागतात, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोबानेच करायची.

शेवटी मेंढरं ७,००० ची १४,००० होतात, उंट ३,००० चे ६,०००. मुलं मात्र पुन्हा सात मुलगे, तीन मुलीच. पहिल्या दहांबद्दल एक शब्द नाही. पण ४२:११ मध्ये भाऊबंद जेवायला येतात, आणि निवेदक लिहितो की परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या सगळ्या अरिष्टाबद्दल त्यांनी त्याचं सांत्वन केलं. अरिष्ट कोणी आणलं, हे तो तिथेही लपवत नाही.