दोन गाण्यांसाठी सांगली

मुंबईहून सांगलीला महालक्ष्मी एक्सप्रेसनं गिटार न्यायची असेल तर वरचा बर्थ घ्यावा. खालच्या बर्थखाली बॅग मावते, पण रात्री कल्याणला कुणीतरी लोखंडी पेटी आत ढकलतं आणि ती नेमकी मानेवर जाऊन बसते. इलेक्ट्रिक गिटार साधारण एक मीटर लांब असते. वरच्या बर्थवर भिंतीच्या कडेला, तारा वर करून ती झोपवायची आणि गिटारच्या डोक्याखाली, म्हणजे खुंट्यांच्या टोकाखाली, टॉवेलची घडी सारायची. गिब्सनच्या घाटणीच्या गिटारचं डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे दाब आला की ती नटपाशीच (डोकं आणि मान यांच्यामधला, तारांच्या खाचा असलेला तुकडा) मोडते. तारा एका स्वरानं उतरवल्या की पुरे. पूर्ण सैल सोडल्या तर मानेवरचा ताण जातो आणि ती परत जागेवर यायला सांगलीतला अर्धा दिवस जातो.

निमित्त होतं इंजिनिअरिंगच्या काळातल्या रॉक बँडच्या पुनर्मीलनाचं. बँड मधेच सोडलेल्या माझ्यासारख्या गिटारिस्टला अशा वेळी पत्रिकेत ‘पाहुणा कलाकार’ म्हणून जागा मिळते. वाट्याला दोन गाणी, म्हणजे अकरा मिनिटं. हे कमी वाटत असेल तर रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडकडे बघा. त्यांचा गिटारिस्ट मिक टेलर १९७४ मध्ये बँडमधून बाहेर पडला. २०१२ मध्ये बँडच्या पन्नाशीनिमित्त लंडनला झालेल्या कार्यक्रमांत तो पाहुणा म्हणून आला आणि एकाच गाण्यात वाजवून गेला. बेसवाल्या बिल वायमनला दोन गाणी मिळाली. पाहुण्याचा हिशोब तिकडेही असाच असतो.

निघण्याआधी फोनवर विचारायची पहिली गोष्ट म्हणजे पट्टी. पंचविशीत पांढरी तीनमध्ये ओरडणारा गायक पन्नाशीत काळी दोनवर, म्हणजे अर्धा स्वर खाली, येतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. पण हे पाहुण्याला कुणी कळवत नाही, कारण बँडमधल्या इतरांना ते आता अंगवळणी पडलेलं असतं. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवल्या की ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. १०-४६ चा संच (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) मग बोटाखाली लिबलिबतो आणि जोरात पिक मारला की जाडी तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आपटते. त्यामुळे अर्धा स्वर खाली वाजवायचं असेल तर ११ चा संच चढवावा. कीबोर्डवाला मात्र पट्टी बदलणारं एक बटण दाबून मोकळा होतो. पुढच्या गाण्याला ते बटण परत शून्यावर आणायचं तो विसरतो, हा सगळ्या बँडांचा अनुभव आहे. काउंट, म्हणजे सुरुवातीची मोजणी, द्यायच्या आधी ड्रमरनं त्याच्याकडे एकदा बघून घ्यावं.

दुसरी गोष्ट, जुन्या कॅसेटवरून गाणी बसवू नयेत. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकायला हवी. घरातल्या जुन्या डेकचा पट्टा सैल झाला आणि गती ३ टक्के घसरली तरी स्वर जवळजवळ पाव स्वरानं खाली जातो. मग कॅसेटशी जुळवलेली गिटार कीबोर्डशी जुळत नाही आणि दोन तास भांडणात जातात. स्वर ट्यूनरवर लावायचा, ए हा स्वर म्हणजे ४४० हर्ट्‌झ. कॅसेट ऐकायची ती फक्त रचनेसाठी.

पहाटे सांगलीला न उतरता मी पुढे मिरजेला गेलो. मिरज सांगलीपासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, विश्रामबागवरून रिक्षा आणि बस सतत चालू असतात. इथल्या सतारमेकरांच्या गल्लीत गिटारवाल्यानं एकदा तरी अर्धा दिवस घालवावा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छताला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खाली तूणीच्या लाकडाचा भुसा. पण बघायची ती जवारी काढण्याची कला. कारागीर घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) माथ्यावर कानस एकदा फिरवतो, तार चढवतो, छेडतो, कान देतो, तार उतरवतो, पुन्हा घासतो. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला पुढच्या बाजूला अगदी हलका उतार असतो. तार कंप पावताना त्या उताराला घासून जाते आणि त्यातून ती झणत्कारी, लांबणारी आस निघते. तानपुऱ्यात हेच काम तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा नेमकं जागेवर आणतो. दोरा केसभर हलला तरी आवाज मुका पडतो.

गिटारमध्ये हाच झणत्कार दोष समजतात. तार फ्रेटला घासली की आपण ‘बझ’ म्हणतो आणि घालवायच्या मागे लागतो. तिथं कानस हातात घेतलेल्या माणसासमोर बसल्यावर कळतं की दोन्हीकडे मोजमाप एकच आहे, कागदाच्या जाडीचं. मुंबईच्या दमट हवेतली गिटार डिसेंबरात सांगलीच्या कोरड्या थंडीत आली की लाकूड आकसतं, मानेचा बाक बदलतो आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचू लागतात. तपासायचं असं: जाडी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान धडाला जुळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघायची. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर हवी. फट नाहीशी झाली असेल तर ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई) डावीकडे पाव फेरा सैल करायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बघायचं. एका दमात पूर्ण फेरा कधीच नाही. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ ते २ मिलिमीटर ठेवावी. स्टेजवर हात जड पडतो, त्यामुळे घरी बरी वाटणारी कमी उंची तिथं बझ देते.

नव्या तारा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घालाव्यात, त्याच सकाळी नाही. खुंटीपासून पाचेक सेंटीमीटर जास्तीची तार ठेवून कापायची, म्हणजे जाड तारांना दोन-तीन वेढे बसतात. वेढे जास्त झाले की ते एकमेकांवर चढतात, बेंड मारताना (तार बोटानं आडवी ओढताना) सरकतात आणि स्वर उतरतो. तार लावून झाली की बोटांनी ओढायची, स्वरात आणायची, पुन्हा ओढायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती उतरायची थांबते. नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की तार अडकत नाही. सतारीची बाजाची, म्हणजे मुख्य, तार साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची असते, रॉक गिटारची पहिली तार त्याहून बारीक, ०.२५. तरी त्या जाड तारेवर पाच स्वरांची मींड घेतात आणि आपण दीड स्वराच्या बेंडला कुरकुरतो.

दुपारी सांगलीत. वाटेत भडंग घ्यावं, पण सरावाआधी खाऊ नये. तेल-तिखटाची बोटं नव्या तारांवर पडली की त्यांचा चकचकीत आवाज एका संध्याकाळीत मरतो.

सरावाला दोन तास होते आणि ते पूर्ण गाणी वाजवण्यात घालवायचे नसतात. एवढ्या वर्षांनी गाण्याचं मधलं सगळं बोटांना आठवतं, शेवट मात्र प्रत्येकाला वेगळा आठवतो. कुणी चार वेळा रिफ (गिटारची पुन्हापुन्हा येणारी धून) म्हणतं, कुणी आठ, ड्रमरला तर मधे थांबा होता असं खात्रीनं वाटतं. म्हणून फक्त सुरुवाती, शेवट आणि सोलोत शिरण्या-निघण्याच्या जागा घ्यायच्या. सोलो १६ बारांचा (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) की ३२ चा हे कागदावर लिहायचं. वाढवायचा झालाच तर खूण कुणी द्यायची हेही तिथंच ठरवायचं. माझ्या मते ती बेसवाल्यानं द्यावी, कारण गायक तोवर प्रेक्षकांत असतो आणि पाहुणा डोळे मिटून. गती मेट्रोनोमवर मोजून ड्रमजवळ चिकटवून ठेवावी. खोलीत मिनिटाला १२० ठोक्यांनी बसवलेलं गाणं स्टेजवर सहज १२८ ला जातं, आणि जलद सोलोची तिथंच वाट लागते.

कार्यक्रम लॉनवर, म्हणजे लग्नाच्या मंडपाची वीज आणि लग्नाचाच साउंड. इथं पाहुण्यानं गिटार बाहेर काढण्याआधी मल्टिमीटर काढावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथं ते ३० च्या पुढे दाखवत होतं. मी मंडपवाल्याला विचारलं.

“दादा, अर्थिंग कुठं दिलंय?”

“हाय की, मागं पाइप ठोकलाय.”

पाइप होता, पण डिसेंबरातल्या कोरड्या मातीत जेमतेम दीड फूट. तो खोल ठोकून घेतला, भोवती मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या, तेव्हा आकडा खाली आला. हे करताना कंटाळा करू नये. गिटारच्या तारा ॲम्पमधून (ॲम्प्लिफायर) अर्थला जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी मिक्सरमधून. दोघांचा अर्थ वेगळा असेल किंवा एकाचा तुटला असेल, तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच वर्तुळ पूर्ण होतं. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्सीत असाच स्टेजवर माइकचा शॉक लागून गेला. त्यामुळे मीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला लावायचं. आकडा जवळपास शून्य आला तरच पुढे जायचं. ॲम्प, मिक्सर, कीबोर्ड सगळे एकाच फेजवर आणि एकाच अर्थवर घ्यावेत, रोषणाई दुसऱ्या फेजवर. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढणारा कितीही अनुभवी असला तरी त्याला हात लावू द्यायचा नाही.

अर्थ नीट झाला तरी सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचं एकेरी गुंडाळीचं चुंबक) ५० हर्ट्‌झची गुणगुण देतच राहतो. दिव्यांचे डिमर त्यात बारीक किरकिर घालतात. उभं राहण्याची दिशा बदलून बघावी. अंग थोडं वळवलं की गुणगुण बरीच कमी होऊ शकते. ती जागा सापडली की खाली टेपची फुली मारायची.

पाहुण्यानं सामान कमी आणावं. पायानं चालवायचे तीन पेडल: ट्यूनर, आवाज करकरीत करणारा ओव्हरड्राइव्ह, प्रतिध्वनी देणारा डिले, बस. ॲम्प नेहमीच्या गिटारिस्टचा असतो आणि त्याच्या नॉबला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा हलवणं. आपला आवाज पेडलवर जमवायचा. पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि बहुतेकांत मधली पिन ऋण असते. बाजारातल्या साध्या ॲडॉप्टरमध्ये बऱ्याचदा ती धन असते, आणि उलटा लावला की पेडल गप्प होतो, कधी कायमचा. डिजिटल डिले एकटाच शंभर मिलिॲम्पियरच्या पुढे मागू शकतो, म्हणून सगळ्यांची बेरीज करूनच ॲडॉप्टर घ्यावा. पेडलमधे जोडणाऱ्या छोट्या केबली दोन जास्तीच्या, मोठी केबल एक जास्तीची. इथले साउंडवाले त्या जाड पिनेला ‘पी-३८’ म्हणतात, तसंच मागावं.

साउंडचेकला पाहुण्याची पाळी शेवटी येते, तीही दहा मिनिटांची. ॲम्पसमोरचा माइक स्पीकरच्या कोनच्या मधोमध लावला की आवाज कानात घुसतो, अगदी कडेला लावला की घोगरा होतो. मधल्या गोल टोपीच्या काठावर, जाळीपासून तीन-चार सेंटीमीटरवर ठेवावा. या भागातल्या ऑपरेटरांचा हात ऑर्केस्ट्रा आणि भावगीतांवर बसलेला असतो, तिथं गिटार गायकाच्या खाली राहते. सोलोला गिटारचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) चढवायचा हे त्यांना सांगून भागत नाही. सोलोची वेळ आली की त्यांच्याकडे बघून हात वर करायचं ठरवून घ्यावं, आणि तरी आपल्या पेडलवर ४-५ डेसिबलची वाढ तयार ठेवावी.

आता वेळ. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. सांगली ही नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथंच पहिला नाट्यप्रयोग केला, त्यामुळे स्टेजवर माणूस चढला की प्रास्ताविक, दीपप्रज्वलन आणि सत्कार आलेच. सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला. शेवटी ठेवलेला पाहुणा अशा वेळी घड्याळात अडकतो. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना आधीच सांगावं की पाहुण्याची गाणी मध्याच्या थोडी पुढे घ्या, शेवटचं गाणं बँडचं बँडला राहू द्या. आणि सत्कार वाजवून झाल्यावर. आधी झाला तर एका हातात नारळ, खांद्यावरून घसरणारी शाल गिटारच्या पट्ट्यात अडकलेली आणि ड्रमर काउंट देतोय, असं होतं.

चढण्याआधी गिटार स्टँडवर केबल लावून, ट्यूनर पेडल म्यूट करून ठेवलेली असावी. आवाज चालू असताना केबल बदलली की सगळ्या मैदानाला ‘धप्प’ ऐकू येतं. आठनंतर सांगलीच्या लॉनवर दंव पडायला लागतं. थंडीनं तार आखडते आणि स्वर चढतो, म्हणून चढण्याच्या पाच मिनिटं आधी शेवटचं ट्यूनिंग तिथल्याच हवेत करावं. तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि हात खिशात ठेवायचे. थंड बोटांनी पहिला बेंड हमखास कमी पडतो, आणि पहिल्याच गाण्याच्या तोंडाला तो असेल तर जागा बदलून घ्यावी.

पहिल्या गाण्याचा शेवट कागदाप्रमाणे झाला. दुसऱ्याचा ड्रमरच्या आठवणीप्रमाणे, थांब्यासकट. बेसवाल्याची मान हलली म्हणून सगळे एकत्र थांबलो.

आवरताना केबली कोपरावर गुंडाळू नयेत, आतली तार पिळली जाते. एक वेढा सरळ, एक उलटा असा घ्यावा. पेडलमधली ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवावी आणि तारा पुसून एका स्वरानं उतरवाव्यात. परतीच्या महालक्ष्मीत टॉवेल लागला नाही. गिटारच्या डोक्याखाली सत्काराची शाल चौपदरी घडी करून नीट बसली.