एरेरीतले कॉटेज: फोटो नंतर पाहा, रस्ता आधी पाहा

वेल्समधील एरेरी, म्हणजेच स्नोडोनिया, राष्ट्रीय उद्यानात कॉटेज घेऊन आठवडाभर राहण्याचा बेत करणाऱ्या इंग्लंडवासी मराठी कुटुंबांना पहिली सूचना अशी की, ‘राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत’ या जाहिरातीतील शब्दांवर काहीही ठरवू नये. हे उद्यान २,१०० चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. आमचे कॉटेज बाला सरोवराच्या नैर्ऋत्य टोकाला, लानुख्लिन गावाच्या वरच्या अंगाला होते. जाहिरातीत मात्र स्नोडन या वेल्समधील सर्वोच्च शिखराचा फोटो ठळकपणे लावलेला होता. कॉटेजपासून पेन-अ-पास, जेथून स्नोडनच्या दोन प्रमुख वाटा सुरू होतात, गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि हंगामात तेथील वाहनतळावर आगाऊ आरक्षणाशिवाय गाडी लावता येत नाही. ज्यांना स्नोडनच चढायचा आहे त्यांनी लानबेरिस किंवा बेथगेलर्ट येथे जागा शोधावी आणि बालाचा विचार सोडून द्यावा.

आता त्या रस्त्याविषयी. श्रूजबरी, वेल्शपूलकडून येताना मॅलुइडनंतर ए४७० हा रुंद, सुस्थितीतील रस्ता लागतो. दिनास माउद्वीजवळ नकाशा तुम्हाला उजवीकडे वळायला सांगतो, कारण कागदावर तीच वाट सर्वांत जवळची आहे. ही वाट बुल्ख-अ-ग्रोस या ५४५ मीटर उंचीवरील खिंडीतून जाते. काही ठिकाणी चढ चारास एक इतका तीव्र आहे, रुंदी एका गाडीपुरती आहे आणि एका बाजूला दरी आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ऑस्टिन कंपनी आपल्या नव्या मोटारींची परीक्षा याच चढावर घेत असे, यावरून काय ते समजावे. कार सामानाने भरलेली, मागच्या आसनावर पुण्याहून आलेले सासू-सासरे, आणि समोरून मेंढ्यांचा ट्रेलर ओढणारी जीप, अशा अवस्थेत ऐन चढावर गाडी मागे घ्यावी लागली. चढणाऱ्या वाहनाला शक्यतो वाट द्यावी असे हायवे कोड, म्हणजे ब्रिटनची वाहतूक नियमावली, सांगते; जीपवाल्याला ते मान्य नसावे. क्लच करपल्याचा वास कॉटेजपर्यंत सोबतीला होता. मालकाने पाठवलेल्या सविस्तर सूचनांत टॉवेल कोठे वाळत घालावेत हेही होते, या खिंडीचा मात्र उल्लेखही नव्हता.

माझे मत स्पष्ट आहे: बर्फाच्या शक्यतेत, अंधारात किंवा नवशिक्या चालकाच्या हाती गाडी असताना या वाटेला जाऊच नये. मिडलंड्सकडून येणाऱ्यांनी ए५ ने लँगॉलेन आणि कोरवेनपर्यंत यावे व पुढे ए४९४ ने बाला गाठावे. ए४७० वर आधीच आला असाल तर सरळ डोल्गेलायला जाऊन ए४९४ धरावा. थोडा वेळ जाईल, पण क्लच वाचेल. पिनकोडवर विसंबू नका, कारण डोंगराळ भागात एकाच पिनकोडात एकमेकांपासून दूर असलेली अनेक शेतघरे असतात, आणि फोनला रेंज नसते. नकाशा घरूनच उतरवून घ्यावा व शेवटच्या दोन-तीन मैलांचे वर्णन मालकाकडून लेखी मागावे.

पैशांबाबतही आरक्षणापूर्वीच विचारावे. वीज मीटरप्रमाणे वेगळी आकारणार का, आणि शेगडीची लाकडे किती मिळणार, हे दोन प्रश्न विसरू नयेत. आम्हाला पहिली टोपली मोफत होती. त्यानंतरच्या प्रत्येक पिशवीला पेट्रोलपंपावरच्या जवळजवळ दुप्पट दर लावला गेला, आणि जाड दगडी भिंतींचे ते घर मे महिन्यातही लाकडाशिवाय ऊबदार होईना. स्वयंपाकाची चूल इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी ठरतो, म्हणून स्टीलचा न्यावा. फोडणी घालताना दार उघडे ठेवावे, अन्यथा धुराचा गजर सारे घर डोक्यावर घेतो. आटा, डाळी, मसाले घरूनच न्यावेत. नव्या पाहुण्यांचा मुक्काम बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू होतो आणि रविवारी मोठी दुकाने सहाच तास उघडी ठेवता येतात, त्यामुळे पहिल्या रात्रीचे जेवण सोबत असलेले बरे.

सरोवराकाठची छोटी आगगाडी चांगली आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

आरान फाउद्वी हे ९०५ मीटरचे शिखर मात्र मनापासून सुचवतो. कळसूबाई १,६४६ मीटर आहे म्हणून याला टेकडी समजू नये. लानुख्लिनकडून जाणाऱ्या लांब धारेवर ना लोखंडी शिड्या ना टपऱ्या, वारा उभे राहू देत नाही आणि दोन उंचवट्यांमधल्या सखल भागातील दलदलीत घोट्यापर्यंत पाय जातो. धुके उतरले की होकायंत्राशिवाय वाट सापडत नाही. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, आणि ढग आरान बेन्लिनच्या, म्हणजे याच धारेवरील आधी लागणाऱ्या शिखराच्या, खाली आलेले दिसले तर तेथूनच मागे फिरावे.